पुरस्कारांची यादी आणि खाडीकाठचा वाचक

वडखळहून अलिबागकडे निघालेल्या एस. टी.ने अंबा नदीवरचा पूल ओलांडला की धरमतरची खाडी दिसते. एके काळी मुंबईची आगबोट येथे लागत असे आणि पेण-नागोठण्याकडचे चाकरमाने येथूनच आपापल्या गावाची वाट धरीत. आज त्याच पाण्यातून कोळसा आणि कच्चे लोखंड भरलेले बार्ज डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे येतात. दोन्ही अंगांना खारेपाटाची शेते, मिठागरे, आणि दर पावसाळ्यात उधाणाला तोंड देणारे मातीचे बांध. या खाडीकाठच्या एका लहानशा वाचनालयात गेल्या पावसाळ्यात जे पाहिले, त्यावरून हा लेख लिहावासा वाटला.

वाचनालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आठ-दहा मुले बसली होती. त्यातील एकाची वही सहज चाळली. साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांची संपूर्ण यादी त्याने सुवाच्य अक्षरात उतरवून काढली होती. १९५५, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, ‘वैदिक संस्कृतीचा विकास’, येथपासून २०२४, सुधीर रसाळ, ‘विंदांचे गद्यरूप’, येथपर्यंत. वर्ष, लेखक, ग्रंथ असे तीन रकाने. कोणतेही वर्ष विचारावे आणि त्याने न अडखळता उत्तर द्यावे. मी विचारले, ‘१९९२?’ तो म्हणाला, ‘विश्वास पाटील, झाडाझडती.’ ‘कशावर आहे ही कादंबरी?’ तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘सर, नावावरून पोलिसांवर असेल.’

हसू येण्यासारखे उत्तर आहे, पण मला हसू आले नाही. या मुलाच्या घरची शेती हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी ज्या जमिनी मागितल्या गेल्या, त्यांत ती होती. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील बावीस गावांत शेतकऱ्यांचे जे जनमत घेण्यात आले आणि ज्यात बहुसंख्यांनी जमीन देण्यास नकार नोंदवला, त्या रांगेत त्याचे आजोबा उभे होते. ‘झाडाझडती’ ही धरणाखाली गाव गेलेल्या माणसांची कादंबरी आहे. जमीन गेल्यावर माणसाचे काय होते, पुनर्वसनाच्या कागदाला किती पाय फुटतात, आणि कचेरीच्या पायऱ्या झिजवताना एका पिढीचे आयुष्य कसे सरते, याचे ते चित्र आहे. ज्या वाचकासाठी ती लिहिली गेली असे खुशाल म्हणावे, त्या वाचकाला तिचे नाव, कर्ता आणि साल पाठ आहे. आत काय आहे ते मात्र त्याला कोणी सांगितलेले नाही.

दोष मुलाचा नाही. परीक्षेत जोड्या लावावयाच्या असतात आणि जोड्या लावण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. तथापि ही यादी पाठ करण्यापुरतीच आहे असेही समजू नये. नीट वाचली तर ती बोलते. आपल्या समाजाने कथा-कादंबरी या वाङ्मयप्रकाराला सत्तर वर्षांत कसे वागवले, याची ती एक प्रामाणिक नोंद आहे; नोंद करणाऱ्यांना ती तशी करावयाची होती की नाही, हा प्रश्न वेगळा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. साहित्य अकादमीचा पुरस्कार केवळ कथात्म साहित्यासाठी नाही. अकादमीची स्थापना १९५४ची आणि पुरस्कार १९५५पासूनचे. आज चोवीस भाषांतील प्रत्येकी एका ग्रंथाला तो दिला जातो. तो ग्रंथ कवितेचा असेल, समीक्षेचा असेल, चरित्र असेल वा भाषाशास्त्राचा प्रबंधही असेल. कादंबरीला त्या त्या वर्षी या साऱ्यांशी झुंजावे लागते. शेवटचा निर्णय तीन परीक्षकांचा. ताम्रपटासोबत प्रारंभी पाच हजार रुपये मिळत, २००९पासून एक लाख मिळतात. रक्कम आजच्या मानाने फार मोठी नाही. मान मोठा आहे, आणि वाचनालये, विद्यापीठे व अभ्यासमंडळे यांच्यावर त्या मानाचा परिणाम त्याहून मोठा आहे.

आता यादीतील कथा-कादंबऱ्या निवडून बाजूला काढू. पहिली पाच वर्षे कादंबरीचे नाव नाही. १९६० साली वि. स. खांडेकरांच्या ‘ययाती’ला पुरस्कार मिळाला, १९६३ साली श्री. ना. पेंडसे यांच्या ‘रथचक्र’ला आणि १९६४ साली रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ला. पाच वर्षांत तीन कादंबऱ्या. एक पौराणिक, एक कोकणातील एका स्त्रीच्या झुंजीची, एक ऐतिहासिक. आरंभ तर चांगला झाला. त्यानंतर निखळ कादंबरी या यादीत पुन्हा येते ती थेट १९८३ साली, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’च्या रूपाने. मधली अठरा वर्षे कादंबरी नाही. गो. नी. दांडेकरांची ‘स्मरणगाथा’ (१९७६) आहे, पण ते आत्मकथन. पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६५) आहे, पण त्यांना आपण व्यक्तिचित्रे म्हणतो. कथात्म साहित्याच्या नावाने या काळात उभा आहे तो एकटा जी. ए. कुलकर्णी यांचा ‘काजळमाया’ हा कथासंग्रह, १९७३ साली. आणि तोही पुरस्कार त्यांच्यापाशी राहिला नाही. प्रकाशनाच्या तारखेवरून तांत्रिक वाद उद्भवला आणि जी. एं.नी तो परत केला. धारवाडच्या त्या अबोल माणसाने या प्रकरणी गाजावाजा केला नाही, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले.

ही अठरा वर्षे मराठी कादंबरीच्या दुष्काळाची होती काय? वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६०ची. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आणि जयवंत दळवी यांची ‘चक्र’ १९६३ची. भाऊ पाध्ये यांचा ‘वासूनाका’ १९६५चा, शिवाजी सावंतांचा ‘मृत्युंजय’ १९६७चा. अरुण साधू यांची ‘मुंबई दिनांक’ १९७२ साली आली आणि ‘सिंहासन’ १९७७ साली. चिं. त्र्यं. खानोलकर याच काळात ‘कोंडुरा’ आणि ‘चानी’ लिहीत होते. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३चा. शहर, झोपडपट्टी, वऱ्हाडातील शिंप्याचे घर, कॉलेजातील तरुणाचे तुटलेपण, मंत्रालयातील डाव हे सारे मराठी गद्यात प्रथमच इतक्या मोकळेपणाने येत होते. यांतील एकही ग्रंथ यादीत नाही.

मग यादीत होते तरी काय? येथे एक मौज ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘सौंदर्य’ हा शब्द ज्याच्या नावात आहे अशा ग्रंथांना हा पुरस्कार चारदा मिळाला. बा. सी. मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५६), रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७५), शरच्चंद्र मुक्तिबोधांचे ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ (१९७९) आणि प्रभाकर पाध्ये यांचा ‘सौंदर्यानुभव’ (१९८२). हे ग्रंथ सामान्य नव्हेत. पाटणकरांचा ग्रंथ तर मराठीतील तात्त्विक लेखनाचा मानदंडच होय. परंतु १९७५ ते १९८२ या आठ वर्षांत सौंदर्याच्या मीमांसेला तीनदा मान मिळावा आणि ज्या कलाकृतींत ते सौंदर्य वा त्याचा अभाव प्रत्यक्ष अनुभवास येतो अशा एकाही कादंबरीला तो मिळू नये, यावरून निवड करणाऱ्यांची प्रकृती कळते. मराठी विद्वत्तेला कथेविषयीचे शास्त्र नेहमीच कथेपेक्षा अधिक प्रतिष्ठित वाटत आले आहे. प्राध्यापकाच्या घरी समीक्षेचे पुस्तक दिवाणखान्यात असते आणि कादंबरी उशाशी, असे माझे एक जुने गुरुजी म्हणत.

याहूनही बोलकी गोष्ट पुढे आहे. ज्यांना आपण कथाकार-कादंबरीकार म्हणून ओळखतो, त्यांपैकी अनेकांना हा पुरस्कार मिळाला. पण कथेसाठी नव्हे. ‘रणांगण’चे विश्राम बेडेकर १९८५ साली सन्मानित झाले ते ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्रासाठी. ‘रणांगण’ १९३९चे, अकादमीच्या जन्मापूर्वीचे, तेव्हा त्याचा दोष कोणाला देता येत नाही. पण नवकथेचे अध्वर्यू गंगाधर गाडगीळ १९९६ साली ‘एका मुंगीचे महाभारत’ या आत्मचरित्रासाठीच निवडले गेले. खानोलकरांना मरणोत्तर, १९७८ साली, ‘नक्षत्रांचे देणे’ या कवितासंग्रहासाठी. ‘कोसला’कार नेमाड्यांना १९९१ साली ‘टीकास्वयंवर’ या समीक्षेसाठी. विजया राजाध्यक्ष यांनी आयुष्यभर कथा लिहिली. १९९३चा पुरस्कार ‘मर्ढेकरांची कविता’ या समीक्षाग्रंथाला. माडगूळकरांना कादंबरीसाठी मिळाला खरा, पण ‘बनगरवाडी’ला (१९५५) नव्हे, अठ्ठावीस वर्षांनंतर ‘सत्तांतर’ला. कथाकाराला नमस्कार करावयाचा, पण त्याच्या कथेकडे पाठ करून, असा हा रिवाज दिसतो.

यामागे कोणाचा कट नाही. काही अंशी तो नियमाचा परिणाम आहे. पुरस्काराच्या वर्षाच्या लगतचे आधीचे वर्ष वगळून त्यापूर्वीच्या पाच वर्षांत प्रथम प्रसिद्ध झालेली पुस्तकेच विचारात घेतली जातात. हा नियम व्यवहाराला सोयीचा आहे. तथापि ‘कोसला’सारख्या कादंबरीला वाचक घडवावा लागतो. ती आली तेव्हा तिचा कर्ता पंचविशीचा होता आणि पुस्तक अनेकांना विक्षिप्त वाटले होते. असे पुस्तक काय आहे हे उमगेपर्यंत मुदत संपलेली असते. पुढे वीस-तीस वर्षांनी परीक्षकांना ऋण आठवते, पण फेडावयाचे ते मुदतीत बसणाऱ्या कोणत्या तरी पुस्तकावर. म्हणून ऋण मानले गेल्याची नोंद राहते, कशाचे ऋण ते नोंदीत येत नाही. आणि वहीत तीन रकाने आखणारा मुलगा नेमाडे म्हणजे ‘टीकास्वयंवर’ एवढेच लिहून घेतो.

येथे मराठीपुरतेच बोलून चालणार नाही. टॉलस्टॉयला नोबेल मिळाले नाही, ही गोष्ट तर जुनीच आहे. पण आपल्या शेजारच्या भाषांकडे पाहावे. बंगालीत ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या ‘आरोग्यनिकेतन’ या कादंबरीला १९५६ सालीच अकादमी पुरस्कार मिळाला. मल्याळममध्ये तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या ‘चेम्मीन’ला १९५७ साली. ‘चेम्मीन’ ही केरळच्या किनाऱ्यावरील कोळी माणसांची कथा आहे. पुस्तक प्रसिद्ध झाल्याला जेमतेम वर्ष लोटले होते. मासळीचा वास येणाऱ्या कादंबरीला त्या भाषेच्या पंडितांनी इतक्या तातडीने मानाचे पान दिले. आपल्या यादीत सत्तर वर्षांत कोळ्याच्या किंवा आगऱ्याच्या घरातील कादंबरी नाही. मुंबईपासून रेवदंड्यापर्यंतचा हा किनारा, त्याची भाषा, त्याची मिठागरे, बांधाला खांड पडल्यावर रात्री कंदील घेऊन धावणारी गावे, १९८४ सालच्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाटा येथे जमिनीच्या दरासाठी गोळ्या झेललेले शेतकरी, हे सारे या यादीच्या बाहेर आहे. रायगडच्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या मातीतून कादंबरी उगवलीच नाही असे मात्र नाही. खोपोलीच्या परिसरात राहून शेतकऱ्यांच्या जीवनावर ‘पाणकळा’, ‘सराई’, ‘पड रे पाण्या’ लिहिणारे र. वा. दिघे आपलेच. त्यांचे नाव आज किती शिक्षकांना आठवते, हे विचारण्याचे धाडस होत नाही.

न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्या अठरा वर्षांविषयी वर तक्रार केली, त्यांत इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आहे, दुर्गाबाई भागवतांचे ‘पैस’ आहे, गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आहे, कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ आहे. यांतील कोणते पुस्तक काढून त्या जागी कादंबरी बसवावी, असे मला कोणी विचारले तर उत्तर देता येणार नाही. १९८१ साली लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला आणि १९८८ साली लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला पुरस्कार मिळाला, तेव्हा या यादीत प्रथमच गावकुसाबाहेरचा माणूस स्वतःच्या तोंडाने बोलला. आनंद यादवांच्या ‘झोंबी’ने (१९९०) आत्मकथन आणि कादंबरी यांच्यातील भिंतच काढून टाकली. त्या दशकात कादंबरीने जे करावयास हवे होते ते आत्मकथनांनी केले, असे म्हणावयास हरकत नाही.

नंतर मात्र वारे फिरले. ‘झाडाझडती’ (१९९२), नामदेव कांबळे यांची ‘राघववेळ’ (१९९५), रंगनाथ पठारे यांचा ‘ताम्रपट’ (१९९९), राजन गवस यांचे ‘तणकट’ (२००१), त्र्यं. वि. सरदेशमुख यांचा ‘डांगोरा : एका नगरीचा’ (२००३), सदानंद देशमुख यांचे ‘बारोमास’ (२००४), आशा बगे यांची ‘भूमी’ (२००६) आणि श्याम मनोहर यांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ (२००८). सतरा वर्षांत आठ कादंबऱ्या. या नामावळीत पुण्या-मुंबईच्या लेखकांहून वाशीम, संगमनेर, गडहिंग्लज, बुलढाणा अशा ठिकाणांचे बळ अधिक आहे, आणि यांतील कितीतरी लेखक शाळा-महाविद्यालयांत शिकवणारे आहेत. पठारे संगमनेरला पदार्थविज्ञान शिकवीत. ‘बारोमास’मधला शिकलेला, नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा तर आमच्या अभ्यासिकेतील कोणत्याही बाकावर बसलेला आढळेल. त्याला पाहावयास फार दूर जावे लागत नाही.

या काळातील एक उणीव सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. या साऱ्या यादीत कथा-कादंबरीसाठी गौरवली गेलेली स्त्री एकच, आशा बगे. कमल देसाई नाहीत, गौरी देशपांडे नाहीत. मराठी कथा वाचणाऱ्यांत स्त्रिया अधिक, लिहिणाऱ्यांतही त्या मागे नाहीत. सन्मानात मात्र सत्तर वर्षांत एक. यावर टिप्पणी करण्यासारखे काही उरत नाही.

२००८नंतर पुन्हा अकरा वर्षे कादंबरी अदृश्य झाली. जयंत पवार यांचा गिरणगावावरचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (२०१२) आणि आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ (२०१६) हे दोन कथासंग्रह तेवढे मध्ये आले. नंतर एकदम चार वर्षे ओळीने कथात्म साहित्य. २०२० साली नंदा खरे यांची ‘उद्या’, २०२१ साली किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा कथासंग्रह, २०२२ साली सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’, २०२३ साली पन्हाळ्याच्या कृष्णात खोतांची ‘रिंगाण’. नंदा खरे यांनी पुरस्कार नम्रपणे नाकारला. समाजाने आपल्याला पुष्कळ दिले आहे, आता आणखी घ्यावयाचे नाही, हे त्यांनी बऱ्याच आधी ठरवून टाकले होते. ‘उद्या’ यादीत आहे, तिच्या कर्त्याने मात्र तो ताम्रपट घेतला नाही.

‘रिंगाण’पाशी थोडे थांबावेसे वाटते. तीही धरणामुळे उठलेल्या गावाचीच कथा आहे. गाव नव्या जागी गेले, गुरे जुन्या जागी राहिली, आणि मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात माणूस परत जातो. ‘झाडाझडती’पासून ‘रिंगाण’पर्यंत एकतीस वर्षे लोटली. एवढ्या काळात एकाच दुःखावर दोन कादंबऱ्यांना राष्ट्रीय सन्मान द्यावा लागतो, याचा अर्थ वाङ्मयीन तितकाच प्रशासकीयही आहे. पहिलीत माणूस कचेरीशी झगडतो, दुसरीत तो जनावराशी आणि रानाशी झगडतो. कचेरीकडून काही अपेक्षा उरली नाही म्हणून हा बदल झाला असावा, असे मला वाटते. लेखकाला ते मान्य असेलच असे नाही.

आणि हे दोन्ही ग्रंथ आमच्या खाडीकाठच्या माणसाने वाचावेत असेच आहेत. जनमताच्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्यांनी नकार दिला आणि पुढे तो प्रकल्प बारगळला, म्हणून येथे ‘झाडाझडती’ घडली नाही. पण जमिनीचे दलाल आजही वडखळ नाक्यावर बसतात, आणि एका सहीने काय जाते हे ज्याला कथेतून कळले आहे त्याचा हात सहीपूर्वी थोडा तरी थांबेल. कादंबरीचा एवढा उपयोग मी मानतो. तो सौंदर्यमीमांसेत बसतो की नाही, हे विद्वानांनी ठरवावे.

प्रश्न पुस्तक हाती येण्याचा आहे. या निमित्ताने मी आसपासच्या दोन-तीन वाचनालयांची कपाटे पाहिली. ‘ययाती’ आणि ‘स्वामी’ सर्वत्र आहेत आणि त्यांची बांधणी पुनःपुन्हा करावी लागते, म्हणजे ती वाचली जातात. ‘रथचक्र’ एका ठिकाणी आहे. ‘झाडाझडती’ची एक प्रत सापडली. ‘राघववेळ’, ‘तणकट’, ‘आलोक’ कोठेच नाहीत; ग्रंथपालाला नावे ठाऊक होती, कारण अभ्यासिकेतील मुले ती मोठ्याने पाठ करतात. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने महाराष्ट्रात गावोगावी वाचनालये उभी राहिली. ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे त्यांचे वर्ग झाले आणि वर्गानुसार अनुदान ठरले. खेडेगावातील ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला जे अनुदान मिळते त्यातून सेवकाचे मानधन, वर्तमानपत्रे आणि विजेचे बिल भागवून पुस्तकांसाठी उरते ते थोडेच. त्या थोड्यात परीक्षेची मार्गदर्शके घेतली जातात, कारण मुले तीच मागतात. ग्रंथपालाला दोष देणे सोपे आहे.

अकादमी पुरस्कारविजेत्या मराठी कथात्म ग्रंथांची संख्या, ‘झोंबी’ धरून, वीसच्या आसपास भरते. एवढी पुस्तके एका कपाटाच्या एका फळीवर मावतात. शासन दरवर्षी ग्रंथालयांसाठी पुस्तकांची निवड करतेच. त्या निवडीत ही वीस पुस्तके कायमची धरावीत, ती छापील राहतील याची हमी प्रकाशकांकडून घ्यावी आणि प्रत्येक ‘क’ व ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला एक संच पाठवावा, ही काही अशक्य मागणी नव्हे. लेखकाला मिळणारे एक लाख रुपये आणि ताम्रपट हा पुरस्काराचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग पेणच्या, रोह्याच्या, धरमतरच्या वाचकाचा आहे, आणि तो अद्याप कोणी त्याला दिलेला नाही. स्पर्धा परीक्षेच्या मंडळांनीही वर्षाला एक तरी प्रश्न असा काढावा की ज्याचे उत्तर पुस्तक उघडल्यावाचून देता येणार नाही. मग पाहा, मार्गदर्शकांचे प्रकाशकच कादंबऱ्या वाचू लागतील!

सतीश काळसेकरांची येथे आठवण होते. लघुनियतकालिकांच्या चळवळीतले हे कवी अखेरच्या काळात आमच्या पेणमध्येच राहिले आणि २४ जुलै २०२१ रोजी तेथेच वारले. २०१३चा अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो कवितेसाठी नव्हे, ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ या पुस्तकासाठी. बँकेत नोकरी करून, लोकलमध्ये आणि रस्त्याच्या कडेला पुस्तके हुडकणाऱ्या एका वाचकाची ती टिपणे आहेत. कथात्म साहित्याच्या हिशेबात ते पुस्तक बसत नाही, पण या साऱ्या यादीत वाचणाऱ्याला मिळालेला पुरस्कार तेवढाच. आमच्या विद्यार्थ्याच्या वहीत त्यांचे नाव होते. ते पेणला राहत असत हे मी सांगितले तेव्हा तो चकित झाला. यादीतील माणूस आपल्या तालुक्यात भाजी आणावयास जात असेल, ही कल्पनाच त्याने कधी केली नव्हती.

‘झाडाझडती’ची ती एकुलती प्रत त्या दिवशी त्याने नेली. पंधरा दिवसांची मुदत असते. दीड महिना झाला तरी ती परत आली नाही, म्हणून ग्रंथपालांनी चौकशी केली. मुलाने आठ दिवसांत वाचून संपवली होती. आता त्याच्या आजोबांना रोज रात्री थोडी थोडी वाचून दाखवली जात होती, आणि आजोबा मध्येच थांबवून आपल्या गावच्या तलाठ्यांची नावे घेत होते. ग्रंथपालांनी दंड माफ केला आणि नोंदवहीत मुदतवाढ लिहिली. दुसऱ्या एका वाचकाने याच पुस्तकासाठी नाव नोंदवून ठेवले आहे.